जमीन विकली, मोटर कुणाची?

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसलेल्या कोणत्याही दस्तलेखकाच्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहिले, की शेतजमिनीच्या खरेदीखतातले एक वाक्य हमखास कानावर पडते. जमीन 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह' कायमची खरेदी दिली. गवताच्या काडीपासून पुरलेल्या हंड्यापर्यंत सगळे लिहून घेणाराच्या पदरात पडते. खरे तर तो हंडा असा परस्पर देता येत नाही. दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, असे 1878 चा कायदा सांगतो. तरीही मसुद्यात निधिनिक्षेप पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. विहिरीच्या कडेला पत्र्याच्या पेटीत बसवलेला स्टार्टर, त्याच्यापर्यंत आलेली केबल आणि ज्या बारा आकडी ग्राहक क्रमांकावर ही सगळी व्यवस्था चालते तो क्रमांक, यांना मात्र त्या वाक्यात जागा मिळालेली नाही.

व्यवहार होतो, फेरफार मंजूर होतो, सातबारावर नवे नाव लागते. एखादा हंगाम सुरळीत जातो. मग जुना मालक बांधावर येऊन म्हणतो, "जमीन दिली भाऊ, मोटर नव्हती दिली." तो आला नाही तर लाइनमन येतो आणि सांगतो, या नंबरवर थकबाकी आहे, वायर काढायचा हुकूम आहे. जमीन निम्मीच विकली गेली असेल तर आणखी पंचाईत होते. विहीर एकाच्या गटात, मीटर दुसऱ्याच्या नावावर आणि पाइपलाइन तिसऱ्याच्या शेताखालून, अशा स्थितीत उभा ऊस वाळू लागतो आणि माणसे वकील शोधू लागतात.

हे भांडण किरकोळ वाटते ते शहरात बसून. जिराईत रान बागायती होते ते पाण्याने आणि पाणी वर येते ते विजेने. एकराचा भाव ठरताना विहिरीला किती पाणी आहे याच्या जोडीला मोटर चालू आहे का, हेही विचारले जाते. नवी जोडणी मागायची तर कोटेशन भरून थांबायची तयारी लागते आणि आता नव्या अर्जदाराला बहुतेक वेळा सौर पंपाकडे वळवले जाते. त्यामुळे चालू स्थितीतली जुनी जोडणी ही स्वतंत्र मोल असलेली गोष्ट झाली आहे. खरेदीदार तिचे पैसे एकराच्या भावात मोजतो, पण कागदावर ती त्याला कोणी दिलेलीच नसते.

कायदा याबाबत मुका आहे असा अनेकांचा समज आहे. तो बराचसा चुकीचा आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जागेचा मालक किंवा ताबेदार वीज मागू शकतो आणि वितरण कंपनीने ती द्यायची असते. पुरवठा होतो तो एका ठरावीक जागेला. खांब, डीपी आणि तारा महावितरणच्या. मीटरही बहुधा कंपनीचेच. मोटर, स्टार्टर आणि विहिरीपर्यंतची केबल शेतकऱ्याची. म्हणजे जुन्या मालकाने स्वतःची मोटर उचलून नेली तर त्यावर वाद घालता येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार दस्तात वेगळे काही म्हटले नसेल तर जमिनीला पक्क्या जोडलेल्या वस्तू जमिनीबरोबरच जातात, आणि पाण्यात सोडलेली पाणबुडी मोटर 'पक्की जोडलेली' म्हणायची का, यावर दोन वकील एक दुपार सहज काढतील. जोडणी मात्र त्याला गुंडाळून दुसऱ्या गटात नेता येत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2005 च्या वीजपुरवठा संहितेतच लिहिले होते की, नाव बदलले म्हणून जोडणी दुसऱ्या जागेवर हलवून मागण्याचा हक्क मिळत नाही.

त्याच संहितेत आणखी एक तरतूद होती, जी गावोगावच्या चावडीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवी. वीजबिलावरचे नाव बदलायला जुन्या ग्राहकाचे संमतीपत्र लागते. ते मिळाले नाही, तर मालकीचा पुरावा, वाटणीपत्र, नोंदणीकृत दस्त किंवा वारस प्रमाणपत्र यांपैकी एक कागद पुरतो. म्हणजे ज्याच्या हातात नोंदलेले खरेदीखत आहे त्याला जुन्या मालकाच्या सहीसाठी हात जोडायची गरज नाही. प्रत्यक्षात काय होते? संमतीपत्राशिवाय काही होत नाही, हा समज खेड्यापाड्यांत इतका घट्ट आहे की त्या सहीला स्वतंत्र दर आला आहे. जमिनीचे पैसे चुकते झाल्यावर दोन-चार वर्षांनी सही मागायला जावे, तर पुढचा माणूस चहा पाजतो आणि आकडा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये 'दिलीप विरुद्ध सतीश' या प्रकरणात भाडेकरूच्या संदर्भात म्हटले की घरमालकाने ना-हरकत दिली नाही म्हणून वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत आहे की नाही एवढेच वीज कंपनीने पाहायचे. ताबेदार भाडेकरूला जे मिळते ते नोंदणीकृत मालकाला मिळायला अडचण नसावी.

बिल नावावर झाले म्हणून जमीन नावावर होत नाही, हेही सांगायला हवे. ज्यांचा जमिनीचा वाद कोर्टात आहे त्यांच्यात वीजबिलावर नाव चढवण्याची शर्यत लागते, जणू महावितरणचा शाखा अभियंता दिवाणी न्यायाधीश आहे. त्या बिलाने फार तर ताबा दाखवता येतो.

सगळ्यात जास्त रक्त आटते ते थकबाकीवरून. इथे कायद्याची वाट वळणाची आहे. 1995 मध्ये 'ईशा मार्बल्स' खटल्यात बिहारमधला लिलावात विकला गेलेला कारखाना सर्वोच्च न्यायालयासमोर होता. जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नव्याला वीज नाही, असे वीज मंडळ म्हणत होते. न्यायालयाने मंडळाला नकार दिला. वीज वापरली त्याने बिल भरावे, नवा खरेदीदार त्या करारात नव्हताच, असा तो विचार. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटते. पण यातून एक पळवाटही निघाली. थकबाकी साठवायची, मालमत्ता मेहुण्याच्या नावावर करायची आणि त्याच्या नावाने नवी जोडणी मागायची. मग राज्याराज्यांच्या वीज मंडळांनी आणि पुढे नियामक आयोगांनी नियमांतच लिहून टाकले की थकबाकी जागेबरोबर नव्या मालकाकडे जाईल.

महाराष्ट्राने 2005 मध्ये हेच केले, पण एक शहाणपणाची मर्यादा घालून. जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येईल, मात्र जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलाइतकी. वारसाच्या नावावर जोडणी होत असेल तर ही सवलत नाही. वारसाने सगळी थकबाकी उचलायची. 2021 मध्ये नवी संहिता आली तरी ही सहा महिन्यांची मर्यादा टिकली. समजा, एका पंपावर पंधरा वर्षांचे बिल थकले आहे. ती जमीन परक्याने विकत घेतली तर त्याच्या माथी शेवटच्या सहा महिन्यांचे बिल येते. तीच जमीन बापामागे मुलाकडे आली तर पंधरा वर्षांचे. कडू वाटले तरी यात तर्क आहे. बापाच्या पिकावर मुलगा वाढलेला असतो, खरेदीदार नव्हे.

मे 2023 मध्ये 'के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ' या निकालाने हा प्रश्न देशपातळीवर बराचसा मिटवला. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एकोणीस प्रकरणे एकत्र ऐकली. वैधानिक नियमांत तशी अट असेल तर नव्या मालकाकडून जुनी थकबाकी मागता येते आणि वीज देण्याचे कंपनीचे कर्तव्य बिनशर्त नाही, असे पीठाने ठरवले. खरेदीदारांना दिलासा मिळाला तो व्याजात. त्यांनी वीज मागितल्याच्या तारखेपासूनचे व्याज न्यायालयाने माफ केले. या निकालाचा गवगवा झाला आणि 'आता सगळी थकबाकी नव्या मालकावर' असा अर्धवट निरोप गावांत पोचला. निकालाचा पाया त्या-त्या राज्याचे नियम हा आहे. महाराष्ट्राच्या नियमांत सहा महिने लिहिले असतील तर इथे सहा महिनेच. थकबाकीचा पूर्ण आकडा लिहिलेला कागद हातात देऊन 'आधी हे भरा' म्हणणाऱ्याला खरेदीदाराने तो नियम दाखवायला हवा. पण नियम त्याला माहीत नसतो आणि सांगणाऱ्याला सांगण्यात रस नसतो.

महावितरणची बाजूही ऐकण्यासारखी आहे. शेतीपंपांची थकबाकी हजारो कोटींत मोजावी लागते. 2020 च्या कृषीपंप वीजजोडणी धोरणात सरकारने व्याज आणि विलंब आकार यांत सूट देऊन 'सुधारित थकबाकी' काढली आणि पहिल्या वर्षात भरणाऱ्याला त्यातही निम्मी माफी देऊ केली. कंपनीला वसुलीची घाई का असते, हे समजते. पण थकबाकी आधी 'सुधारावी' लागली यावरून हेही कळते की मूळ आकडा सरकारलाही जसाच्या तसा पटला नव्हता. मीटर नसलेल्या पंपांना अश्वशक्तीवर बिल लागते. मीटर आहे तिथे ते बंद पडून सरासरी रीडिंग लागत राहते. अशा आकड्याची पूर्ण जबाबदारी नव्या माणसावर टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातला हिशेब त्याच्याकडून घोटवून घेणे.

आता फुकट विजेकडे येऊ. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत बिल नाही. सुमारे 44 लाख ग्राहक तिच्या कक्षेत येतात. शेतकऱ्याला आधार म्हणून तिचे मोल मोठे आहे, तो वाद इथे नको. पण तिचा एक परिणाम कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. बिल शून्याचे येत असेल तर ते कोणाच्या नावाचे आहे, हे बघण्याची गरजच उरत नाही. आजोबांच्या नावावरची जोडणी नातू वापरतो, नातवाने विकलेल्या रानात तिसराच माणूस वापरतो आणि सगळे खूश असतात. पूर्वी निदान बिल भरताना नावाची बोच लागायची. शिवाय योजना एप्रिल 2024 नंतरच्या बिलांची आहे. त्याआधीची थकबाकी वहीत तशीच पडून आहे, मेलेल्या माणसाच्या नावावर.

विजेपुरते हे झाले. पाण्याचे भांडण याहून जुने आणि जास्त गुंतागुंतीचे. सामाईक विहिरीत तिसरा हिस्सा, आठवड्यातून दोन दिवसांची पाळी, ही वाटणी अनेक घरांत तोंडी चालत आलेली असते. भाऊ-भाऊ आहेत तोवर निभते. एका भावाने आपली जमीन बाहेरच्याला विकली की त्या पाळीला शब्दाशिवाय आधार नाही, हे उघडे पडते. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात विहिरीचा हिस्सा नोंदलेला असेल तर नव्या माणसाचे निम्मे काम झाले. नसेल तर वहिवाट सिद्ध करायला साक्षीदार गोळा करायचे. सुविधाधिकार कायदा 1882 सांगतो की जमीन दुसऱ्याकडे गेली तरी तिच्या उपभोगासाठी असलेला सुविधाधिकार तिच्याबरोबर जातो, आणि वीस वर्षांच्या अखंड, उघड वहिवाटीने तो मिळतोही. पण वीस वर्षे हे सांगणारे म्हातारे साक्षीदार खटला उभा राहीपर्यंत राहतात का, हा व्यवहारातला प्रश्न.

कृष्णा, पंचगंगा, वारणा यांच्या काठी सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी नदीचे पाणी माळरानावर नेले. त्यांच्या जलवाहिन्या कितीतरी शेतांच्या पोटातून जातात. वाहिनी टाकली तेव्हाच्या शेतमालकाने खुशीने परवानगी दिली होती, कारण त्यालाही पाणी मिळणार होते. पुढे त्याने शेत विकले. घेणाऱ्याला तिथे ऊस नाही, प्लॉट पाडायचे आहेत. जेसीबी लावला की पहिल्या दिवशी वाहिनी फुटते आणि वरच्या अंगाची शंभर एकर तहानलेली राहते. त्या वाहिनीची नोंद त्याच्या सातबारावर नव्हती. त्याने जे पाहिले ते विकत घेतले, असे तो म्हणतो आणि त्याच्या बाजूने पाहिले तर तो खोटे बोलत नसतो.

महसूल कायद्याला हा प्रश्न ठाऊक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली, ज्याला पाण्याचा हक्क आहे पण पाणी न्यायला शेजाऱ्याची जमीन ओलांडावी लागते, तो तहसीलदाराकडे अर्ज करू शकतो. दोघांत समझोता झाला नाही तर तहसीलदार चौकशी करून परवानगी देतो. पाइप शक्यतो अर्धा मीटर तरी खोल टाकायचे, पाट असेल तर दीड मीटरहून रुंद नको, अशा बारीक अटीही कलमात आहेत. संहिता 1966 ची आहे. तेव्हाच्या मसुदाकारांनी शेजाऱ्याचा नांगर पाइपाला अडकू नये इतका पुढचा विचार केला, मग ती परवानगी सातबारावर दिसेल एवढी सक्ती आजवर का झाली नाही?

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने हा गुंता वेगळ्याच टोकाने सोडवला होता. पाणी जमिनीच्या आकारावर न देता माणशी अर्धा एकर या मापाने, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत द्यायचे. भूमिहीनालाही हिस्सा. आणि पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, म्हणून जमीन विकली की पाणी खरेदीदाराकडे जात नाही, गटाकडे परत येते. हा नियम सगळ्या महाराष्ट्राला लागू करा असे कोणी म्हणणार नाही. उसाच्या पट्ट्यात तर नाहीच. पण तिथे शेत घेणाऱ्याला काय मिळणार आणि काय नाही, हे व्यवहाराआधी माहीत होते. नियम कडक असला तरी चालतो, तो आधी कळायला हवा.

बाकी ठिकाणी तो आधी कळत नाही आणि नंतर कळायला चार दरवाजे ठोठवावे लागतात. जोडणी आणि बिलाची तक्रार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे, तिथे समाधान झाले नाही तर मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे. विहिरीतला हिस्सा दिवाणी न्यायालयात. पाट आणि पाइप तहसीलदारापुढे. वाहत्या पाण्याला किंवा वहिवाटीच्या रस्त्याला कोणी अडथळा केला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली, तेही सहा महिन्यांच्या आत. फेरफाराची हरकत मंडळ अधिकाऱ्याकडे आणि अपील प्रांताकडे. मोटर एकच, पीक एकच, पण प्रत्येक दारात तारीख वेगळी. कांदा तेवढा थांबत नाही.

दोष कायद्याच्या तुटवड्यात नाही. जमिनीची वही महसूल खात्याकडे, दस्ताची नोंदणी खात्याकडे आणि जोडणीची वीज कंपनीकडे. या तिन्ही वह्या एकमेकींना ओळखत नाहीत. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबारावर दिसतो, म्हणून घेणारा सावध होतो. विजेची थकबाकी कुठेच दिसत नाही. गाव नमुना बारामध्ये जलसिंचनाच्या साधनाचा रकाना आहे, तिथे विहीर लिहितात, पण त्या विहिरीवरची जोडणी कोणत्या क्रमांकाची, हे लिहायची पद्धत नाही. एकीकडे दस्त नोंदला की फेरफाराची प्रक्रिया संगणकावर आपोआप सुरू होण्यापर्यंत मजल गेली आहे. शहरी घरांच्या बाबतीत दस्तनोंदणी आणि वीजबिल यांची सांगड घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. शेतीपंप तेवढा बाहेर राहिला.

मागणी साधी आहे. ओलिताच्या जमिनीचा दस्त नोंदताना जोडणीचा ग्राहक क्रमांक, त्या दिवशीची थकबाकी आणि ती कोण भरणार, हे लिहिणे बंधनकारक करावे. विक्रीच्या दिवसापर्यंतची सार्वजनिक देणी विकणाऱ्याने भरायची, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतोच. वीजबिल त्यात मोडते का, हा काथ्याकूट करण्यापेक्षा एक ओळ लिहिलेली बरी. जमिनीचा तुकडा विकला जात असेल तर विहीर, पाळी आणि पाइपची वाट यांचाही उल्लेख हवा आणि तो फेरफारासोबत 'इतर हक्कां'त उतरायला हवा. अशी नोंद अशक्य नाही. तुकडेबंदीच्या नियमांत 2024 मध्ये बदल करून सरकारने विहिरीसाठी पाच गुंठ्यांपर्यंत जमीन विकायला वाट दिली, तेव्हा ती विहिरीपुरतीच मर्यादित असल्याची नोंद सातबारावर घ्यायचेही ठरवले. पाच गुंठ्यांसाठी जे सुचले ते पाच एकरांसाठी का सुचू नये?

थकबाकीचा सातबारावर बोजा चढवा, अशी सूचना यावर येईल. ती स्वीकारू नये. ज्या आकड्यावर खुद्द सरकारला सुधारणा करावी लागली तो आकडा जमिनीवर बोजा म्हणून चढवला तर शेतकऱ्याचे पीककर्जही अडेल. थकबाकी दिसू द्यावी, बोजा म्हणून बसू देऊ नये.

आणि हे काम आताच करायला सवड आहे. मोफत विजेची मुदत मार्च 2029 ला संपते. पुढे ती वाढेल की नाही, हे त्या वेळचे सरकार ठरवील. वाढली नाही तर एप्रिलमध्ये लाखो पंपांवर पुन्हा आकड्यांची बिले येतील आणि त्यांतली कितीतरी अशा माणसांच्या नावाने, ज्यांनी ती जमीन कधीच विकलेली असेल किंवा जे हयात नसतील. महावितरणने दर तिमाहीच्या शून्य बिलाबरोबर नाव बदलाचा एक छापील अर्ज पाठवला, सोबत सहा महिन्यांचा नियम आणि संमतीपत्राशिवाय चालणाऱ्या कागदांची यादी मराठीत दिली, तरी त्यांतली अर्धी भांडणे सुरू होण्याआधी मिटतील.